टोपलीत उरतो तो मासा

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते हे कळलं की लोक भेसळीचं विचारतात. दूध, तूप, हळद, खवा. त्यातही गोड्या पाण्यातले मासे तपासणं हे माझं मुख्य काम आहे असं समजलं, की मग प्रश्न एकच उरतो: "मॅडम, नदीचा मासा खावा का?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. इतकी वर्षं हेच काम करूनही मी ते एका शब्दात देत नाही. मासा कुठल्या पाण्यातला, कुठल्या जातीचा, केवढा, हे तर मी विचारतेच. पण त्याआधी विचारते, तुम्ही किती वेळा खाता आणि माशाचं काय काय खाता? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. माझ्या मते खरं उत्तर तिथंच आहे.

आधी चवीबद्दल सांगते, कारण लोक धोका जिभेवर आणि नाकावर शोधतात. माझं लहानपण रत्नागिरीकडचं. आमच्याकडे मासा म्हणजे समुद्राचा. पावसाच्या तोंडाला पऱ्ह्यातून वर येणारे चढणीचे मासे मिळायचे, त्यांचं कौतुक त्या आठवड्यापुरतं. पुण्यात आल्यावर चिलापी खाल्ली तेव्हा तोंडात माती आल्यासारखं झालं. जेवायला सोबत असलेले सगळे म्हणाले, ही नदीतली घाण. ती घाण नव्हती. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातली नीलहरित शेवाळं आणि तळच्या गाळातले काही जिवाणू ते तयार करतात, माशाच्या कल्ल्यांवाटे ते आत जातं आणि चरबीत साठतं. पहिल्या पावसात जमिनीतून जो वास उठतो त्यातही तेच द्रव्य असतं. त्यानं माणसाला काही होत नाही. आंबट लागलं की ते मोडतं, म्हणून चिंचेच्या कोळात किंवा ताकात मासा मुरवून मग रस्सा करणाऱ्या बाईला रसायनशास्त्र न शिकताही बरोबर उपाय सापडलेला असतो. उलट पाऱ्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. पारा साठलेल्या माशाचे कल्ले लालभडक असतात, डोळे काचेसारखे असतात, मांस बोटानं दाबलं तर लगेच वर येतं. ताजेपणाच्या सगळ्या परीक्षांत तो मासा पहिला येईल. या परीक्षा खोट्या नाहीत, पण त्या फक्त मासा कधी मेला एवढंच सांगतात.

माझ्या कामातले बरेच नमुने उजनीचे असतात, म्हणून तिथलंच बोलते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पूर्ण भरलं तर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. जलाशय पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. त्याच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा आणि मुठा शहरातच एकत्र येतात, इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, मुळा-मुठाही पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे या दोन शहरांनी वापरून सोडलेलं पाणी, शुद्ध केलेलं असो वा तसंच सोडलेलं, शेवटी उजनीत थांबतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा ही सगळी नावं त्या यादीत आहेत.

आणि त्याच पाण्यावर भिगवण, पळसदेव, इंदापूर भागातल्या कित्येक घरांची चूल पेटते. तिथं रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम मिळतात, पण आज जाळ्यात सगळ्यांत जास्त येते ती चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली जात, १९५२ साली भारतात आणली गेली. गढूळ पाणी, कमी प्राणवायू, पाण्याची चढउतार, सगळं सोसून ती वाढते. पहाटे भिगवणच्या बाजारात लिलाव लागतो, बर्फ भरलेल्या पेट्या गाड्यांत चढतात, आणि दुपारी तोच मासा पुण्याच्या ताटात परत येतो. पुणेकर मला विचारतात की हा मासा खावा का, तेव्हा ते आपल्याच सांडपाण्याबद्दल विचारत असतात, हे मी त्यांना सांगते. रागानं नाही, पण सांगते.

मैलापाणी हा शब्द ऐकला की घास घशात अडकतो, हे मी समजू शकते. पण शिजवून खाणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर मैल्यातले जंतू हा त्यातल्या त्यात आवाक्यातला धोका आहे. माशाचं मांस आतपर्यंत ६३ अंशांना पोचलं की रोगजंतू आणि जंताच्या अळ्या मरतात. काट्यापासून मांस सहज सुटायला लागलं आणि त्याचा काचेसारखा पारदर्शकपणा जाऊन ते पांढरं दिसलं की शिजलं समजावं. आपला रस्सा तर रटरटा उकळतो. थायलंड आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायची रीत आहे, त्यातून यकृतात जाणारे चपटे कृमी तिथं पित्तनलिकेच्या कर्करोगाला कारण झाले आहेत. आपल्याकडे ती रीत नाही, हे मोठं भाग्य. धोका राहतो तो चुलीवर चढण्याआधी. ज्या विळीवर मासा चिरला तिच्यावरच न धुता कांदा आणि कोथिंबीर चिरली जाते, आणि ती कच्चीच ताटात येते. जलाशयाच्या काठी मासा साफ करून त्याच पाण्यात धुतला जातो. खाणाऱ्यापेक्षा साफ करणारी बाई जास्त धोक्यात असते. चिलापीच्या परांचा काटा बोटात घुसला आणि ते बोट त्या पाण्यात राहिलं की चार दिवसांत हात सुजून येतो. अशी बोटं मी बाजारात फार पाहिली आहेत. काटा लागला तर हात तिथंच थांबवून स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, सूज चढायला लागली तर हळद लावून बसू नका, दवाखान्यात जा, हे मी प्रत्येक खेपेला सांगते.

विस्तव जिथं हरतो तिथून माझं काम सुरू होतं.

पारा, शिसं, कॅडमियम उकळून जात नाहीत, तळून जात नाहीत, मीठ-हळद लावून धुतल्यानं जात नाहीत. मासा सुकवला तर पाणी उडतं आणि ते तसेच मागं राहतात, म्हणजे किलोमागचं प्रमाण उलट वाढतं. हिरवी साय धरलेल्या पाण्यात काही नीलहरित शेवाळं मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष सोडतात, तेही उकळीला टिकतं. मात्र ही सगळी द्रव्यं माशाच्या अंगात सारखी पसरलेली नसतात, आणि याच एका गोष्टीवर घरातल्या बाईच्या हातात काही उरतं. डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं चरबीत राहतात: कातडीखाली, पोटाच्या पाळीत, पाठीच्या काळपट मांसात. कातडी आणि पोटाची पाळी काढली तर त्यांचा बराच भाग जातो. शेवाळाचं विष मुख्यतः यकृतात आणि आतड्यात असतं. शिसं आणि कॅडमियम मांसापेक्षा कल्ले, यकृत, मूत्रपिंड यांत जास्त, शिसं हाडांतही. पण पारा थेट मांसात, प्रथिनांना चिकटून बसतो. त्याला कापून वेगळा करता येत नाही. तिथं एकच निवड हाती असते, ती म्हणजे कुठला मासा घ्यायचा.

ही निवड अवघड नाही. पाण्यातला पारा गाळातल्या जिवाणूंमुळे मिथिल पारा होतो, शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत, ते किडे खाणाऱ्या लहान माशात, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात. प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. म्हणून दुसऱ्या माशांवर जगणारी मोठी मरळ आणि शेवाळ चरणारी चिलापी एकाच पाण्यातून आल्या तरी सारख्या नसतात. रोहू, मृगळ, चिलापी खालच्या पायरीवरच्या, लवकर वाढणाऱ्या. त्यांच्यात पारा सहसा कमी असतो, जगभर हेच दिसतं आणि माझ्या टेबलावरही हेच दिसत आलं आहे. जुनी, वजनदार, शिकारी मरळ मात्र मी नेहमी वेगळी ठेवते. गंमत म्हणजे औषधी म्हणून बाळंतिणीला आणि आजारी माणसाला हौसेनं खाऊ घालतात ती मरळच. लहान मरळ जरूर द्या. हातभर लांबीची, दोन-तीन किलोची मरळ गरोदर बाईला देऊ नका.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचा मुद्दा त्यातूनच येतो. बर्फात आलेला मासा मोजतो, वजन घेतो, खवले काढतो. मग पाठीच्या पराखालचा मांसाचा तुकडा काढतो, कातडी सोलून, काटा न घेता. तो एकजीव वाटतो, नत्राम्लात उष्णता आणि दाबाखाली विरघळवतो. भांडी आदल्या रात्रीपासून आम्लात बुडवून ठेवलेली असतात, कारण इथं शत्रू आपल्याच काचेवरचा कण असतो. पाऱ्यासाठी त्या द्रावणात कथिलाचं क्लोराइड घालतो, पाऱ्याची वाफ होते आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात ती किती प्रकाश शोषते ते यंत्र सांगतं. बरोबरीनं माशाची प्रमाणित पूड चालवतो, तिच्यातला पारा आधीच ठाऊक असतो. तिचा आकडा जुळला तरच आपला खरा. मग अहवालात एक ओळ जाते. साध्या माशाला पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. खाली असेल तर पास.

या ओळीवर मी पुष्कळदा थांबले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं २००३ साली मिथिल पाऱ्याची आठवड्याची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. गर्भातल्या मुलाचा मेंदू डोळ्यांपुढं ठेवून. पन्नास किलोच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. आता जो मासा ०.५ च्या काठावर जेमतेम पास झाला, त्याच्या एका ग्रॅममध्ये अर्धा मायक्रोग्रॅम पारा. म्हणजे तिची सगळ्या आठवड्याची मर्यादा १६० ग्रॅम माशात संपली. दोन बऱ्यापैकी तुकडे. पंधरा किलोच्या मुलाची ४८ ग्रॅममध्ये. हेच प्रमाण दहापट कमी, ०.०५ असेल, तर तीच बाई आठवड्याला दीड किलोवर मासा खाऊ शकते. कागदावर दोन्ही मासे पास. महिन्यातून दोनदा चिलापी फ्राय खाणाऱ्या पुण्यातल्या माणसाला या दोहोंत काही फरक पडत नाही. रोज दोन्ही वेळा मासा खाणाऱ्या घराला सगळा फरक इथंच पडतो.

रोज कोण खातं? जो पकडतो तो.

नमुने घ्यायला मी स्वतः जायला लागले तेव्हापासून बाजारात एका भोई बाईशी माझी ओळख आहे. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला ताई. लिलाव संपला की त्या टोपलीत उरलेलं निवडत बसतात. बोटाएवढी बारीक मासळी, जाळ्यात फाटलेली चिलापी, बर्फ संपल्यावर मऊ पडलेला एखादा रोहू. आणि डोकी. सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलांना तुकडे लागतात, डोकी लागत नाहीत. ती टोपलीत मागं येतात. मी विचारलं, यांचं काय करता? त्या म्हणाल्या, "आमचंच की. डोकं टाकून कोण देतंय, ताई? सगळी चव डोक्यातच असती." घरी काय शिजतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मोठ्या डोक्यांचा रस्सा, गाभोळी असली तर तव्यावर, काळीज पोरांना, बारीक मासळी पोट न काढता सुकटीसारखी वाळवून पावसाळ्याला. उरलेला रस्सा सकाळी भाकरीबरोबर.

मी पाठीच्या पराखालचा तुकडा घेत होते. तो तुकडा त्या घरात कधी जातच नव्हता. तो विकला जातो. आमच्या यंत्रासमोर जो मासा येतो तो गिऱ्हाइकाचा मासा आहे, पकडणाऱ्याचा नाही. पकडणाऱ्याच्या ताटात जातात तेच भाग, ज्यांत शिसं, कॅडमियम आणि शेवाळाचं विष साठतं, आणि आमच्या नमुन्यात नेमके तेच नसतात. नियमावलीत हे चुकीचं नाही, विक्रीच्या मालाची तपासणी अशीच करायची असते. पण "उजनीचा मासा सुरक्षित आहे का" या प्रश्नाला आम्ही देतो ते उत्तर मावशींसाठी नाही, हे मला त्या टोपलीजवळ बसून कळलं, आणि तेव्हापासून माझ्या कामाची दिशा बदलली.

ही अडचण आपल्याकडचीच नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ग्रासी नॅरोज नावाची अनिशिनाबे या तिथल्या मूळनिवासी लोकांची वसाहत आहे. वरच्या अंगाला ड्रायडन इथल्या कारखान्यानं १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत ९ ते १० टन पारा सोडला. त्या नदीतला वॉलआय हा शिकारी मासा या लोकांचं रोजचं अन्न, आणि गळानं मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवणं हा त्यांचा रोजगार. दुपारी काठावर मासा तळून पाहुणा आणि वाटाड्या एकत्रच जेवत. पाहुणा आठवड्यानं परत जाई, वाटाड्या सगळा मोसम तेच खाई. मासा तोच आणि जेवणही तेच. १९७० साली तिथली व्यापारी मासेमारी बंद झाली, रोजगार गेला, पुष्कळांनी मासा खाणंच सोडलं. पाऱ्याच्या विषबाधेनं होणाऱ्या मिनामाता रोगाचा अभ्यास केलेले जपानी डॉक्टर मासाझुमी हारादा १९७५ साली तिथं पोचले आणि त्यांना ओळखीची लक्षणं दिसली. नदी अजून पूर्वपदावर आलेली नाही. उजनीत असं काही झालं आहे असं मी म्हणत नाही, पाऱ्याची तसली घटना तिथं नाही. पण पाहुण्याच्या जेवणावर मोजलेली सुरक्षितता वाटाड्याला लागू पडत नाही, हे त्या गावानं जगाला फार मोठी किंमत देऊन दाखवलं.

म्हणूनच मला "खाऊ नका" म्हणणाऱ्यांचा राग येतो. वर्तमानपत्रात नदीच्या माशात विष अशी बातमी झळकली की दुसऱ्या दिवशी भाव कोसळतो. मोठ्या शहरातली गिऱ्हाइकं काही दिवस समुद्राच्या माशाकडं वळतात. जाळी मात्र त्या दिवशीही पडतात, कारण होडीचं आणि जाळ्याचं कर्ज थांबत नाही. न विकलेला मासा पेटीत सडू द्यायचा नसतो. तो घरी जातो. ज्या बातमीनं लोकांना सावध करायचं, तिच्यामुळेच सर्वांत जास्त खाणाऱ्याच्या ताटात आणखी मासा येतो. मी हे एकाहून जास्त उन्हाळ्यांत पाहिलं आहे. आणि मासा काढून घेतला तर त्या घरात त्याच्या जागी काय येणार? भात आणि तिखट. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, तिच्यातून कॅल्शियम मिळतं. काही बारीक जातींच्या डोळ्यांत आणि पोटात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. गर्भातल्या मुलाच्या मेंदूला माशातली तेलं लागतात. मी पारा मोजते म्हणून हे विसरायचं नाही.

जे अजिबात खायचं नाही ते मात्र मी निक्षून सांगते, आणि त्यात पहिला तरंगता मासा. उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या जोराच्या पावसात नाल्यांतली साठलेली घाण एकदम खाली येते, पाण्यातला प्राणवायू पहाटेपर्यंत संपतो, आणि सकाळी काठ पांढरा होतो. अशा वेळी मासे आधी वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात, आणि मोठे आधी मरतात. याउलट लहान-मोठे, खेकडे, गोगलगायी, पाणकिडे एकदमच मेलेले दिसले तर तिथं कुणी औषध टाकलं आहे असं समजावं. डोहात विष टाकून मासे मारणं १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे, तरी आटलेल्या नदीच्या डोहांत ते होतं. पूर्वी त्यासाठी एंडोसल्फान हे कीटकनाशक वापरत. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली बंदी आणली, आता शेतातलं मिळेल ते औषध. काठावर उभं राहून दोहोंतला फरक दर वेळी कळेलच असं नाही. म्हणून आपल्या हातानं न मारलेला, आधीच मेलेला मासा उचलायचा नाही, कितीही ताजा दिसला तरी. फुकट मिळाला तरी नाही. आणि फुकटच मिळतो तो, हाच धोका.

दुसरं, पित्ताची पिशवी. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून आमच्याकडं विचारणा आली. मधुमेह असलेल्या माणसानं साखर उतरते असं ऐकून मोठ्या रोहूचं पित्त कच्चं गिळलं होतं. काही तासांत उलट्या, जुलाब, मग लघवी बंद. रोहू, कटला, गवत्या यांसारख्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल गटातलं द्रव्य असतं, ते मूत्रपिंडं आणि यकृत दोन्ही बंद पाडतं. शिजवल्यानं ते जात नाही. माणूस डायलिसिसवर बरेच दिवस होता, वाचला. दमा, मधुमेह, डोळ्यांचे विकार यांवर माशाचं पित्त सांगणारे लोक अजून गावोगावी आहेत. या एका बाबतीत मला कसलीही तडजोड मान्य नाही. इथं पाणी स्वच्छ की घाण याला अर्थच नाही. पाणी काचेसारखं असलं तरी ते पित्त विषच. मासा साफ करताना हिरवी पिशवी फुटू न देता काढावी आणि पुरावी.

अमेरिकेत राज्यं आपापल्या तळ्या-नद्यांसाठी तक्ते काढतात. मिशिगनच्या तक्त्यात तलावाचं नाव, माशाची जात आणि लांबी पाहिली की महिन्याला किती वेळा खावा ते कळतं. मी असा तक्ता भिगवणच्या बाजारात कधी पाहिला नाही. तो असायला हवा, आणि तो मराठीत, बायकांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत हवा. तोवर मी तोंडी सांगते. रोज खायचा असेल तर अर्ध्या किलोखालची चिलापी, रोहू, मृगळ घ्या. मोठी मरळ, मोठा मांगूर विका किंवा सणापुरता ठेवा. डोकं खा, पण कल्ले मुळापासून उपटून टाका. काळीज पोरांना देऊ नका. बारीक मासळीचं पोट अंगठ्यानं दाबून काढा, मग वाळवा. पाण्यावर हिरवी साय असेल त्या आठवड्यात आतडं-काळीज कशालाच हात लावू नका आणि धुवायला बोअरचं पाणी घ्या. खडकवासला धरणाच्या वरचं आणि पुणे शहराच्या खालचं पाणी एकच समजू नका.

मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कल्ले टाकतो आता. काळजाचं जरा अवघड हाय, पोरं रडत्यात." मग त्यांनी मला विचारलं, डोक्यात नेमकं किती असतं? डोक्याचा नमुना मी तोवर चालवला नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता. आता नमुन्याच्या अर्जात मी दोन रकाने वाढवून घेतले आहेत: कोणता भाग खाल्ला जातो, आणि घरात आठवड्यातून किती वेळा. पाच-सहा घरांतून, त्यांच्या टोपलीत उरलेला मासा, ते शिजवतात तसाच डोक्यासकट, वेगळा मोजायचा आहे. मार्चपासून पाणी झपाट्यानं उतरतं, मृतसाठ्याकडं जातं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडायला लागतं, उरलेल्या पाण्यात सगळंच दाट होतं आणि मासा पकडणं मात्र सोपं होतं. त्यामुळे दिवाळीनंतरचे आणि उन्हाळ्यातले असे दोन्ही नमुने हवेत. दिवाळीनंतरचे घेऊन झाले आहेत, ते उणे वीस अंशांच्या शीतपेटीत आहेत.